अमेरिकेत ब्लॅक बायकांची बाळंतपणं इतकी जिवावर का बेततात, आणि आजूबाजूची माणसं त्यात नेमकं काय करू शकतात

२०२५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, २०२३ सालचे मातामृत्यूचे आकडे जाहीर केले. वरवर बघितलं तर बातमी चांगली होती. आदल्या वर्षीचा दर लाखामागे २२.३ होता तो १८.६ वर आला. गोऱ्या बायकांचा १९.० वरून १४.५, लॅटिन अमेरिकन वंशाच्या बायकांचा १६.९ वरून १२.४, आशियाई बायकांचा (यात आपल्या तिकडे राहणाऱ्या मुलीपण आल्या) १३.२ वरून १०.७. ब्लॅक बायकांचा मात्र ४९.५ होता तो ५०.३ झाला, म्हणजे जवळपास जिथल्या तिथे. गोऱ्या बाईच्या साडेतीन पट.

जगातला सगळ्यात जास्त पैसा आरोग्यावर खर्च करणारा देश, आणि तिथे एका ठराविक रंगाच्या बाईला दिवस गेले की तिच्या घरच्यांना धास्ती वाटते. हे असं का होतं, आणि यावर उपाय म्हणून डूला (बाळंतपणात आणि नंतर आईच्या सोबत राहणारी, ट्रेनिंग घेतलेली बाई), घरभेटी, मैत्रिणींचे गट असं जे काही तिकडे उभं राहतंय त्याने खरंच फरक पडतो का, हे जरा नीट समजून घेऊ.

हा आकडा मोजतात कसा

मातामृत्यू दर म्हणजे दर एक लाख जिवंत जन्मांमागे किती बायका गरोदरपणात किंवा ते संपल्यापासून ४२ दिवसांच्या आत, गरोदरपणामुळे किंवा त्याने बळावलेल्या आजारामुळे गेल्या तो आकडा. अपघातात गेलेली बाई यात धरत नाहीत. २०२३ मध्ये अमेरिकेत अशा ६६९ बायका गेल्या.

आपल्याला अंदाज यावा म्हणून सांगते, २०१८-२० या काळात भारताचा हा दर ९७ होता आणि महाराष्ट्राचा ३३. मोजायच्या पद्धती वेगळ्या आहेत त्यामुळे आकडे अगदी शेजारी शेजारी ठेवता येत नाहीत, तरी पन्नास म्हणजे किती हे त्यावरून लक्षात येतं.

आता लगेच एक आक्षेप येतो, आणि तो अगदीच चुकीचा नाही. अमेरिकेत मृत्यूच्या दाखल्यावर "मृत व्यक्ती गरोदर होती का" असा एक चौकोन टाकला गेला, तो हळूहळू सगळ्या राज्यांत लागू झाला, आणि त्यात चुकीच्या खुणा पडून आकडा फुगला असं काही संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवलं. त्यांच्या पद्धतीने मोजलं तर एकूण दर बराच कमी येतो. पण त्याच अभ्यासात काळ्या-गोऱ्यांमधलं अंतर तसंच राहिलं. म्हणजे एकूण आकड्याबद्दल वाद घाला हवा तर, दरी मात्र खरी आहे.

जीव जातो कधी?

आपल्या डोळ्यासमोर येतं ते लेबर रूममधलं दृश्य, रक्तस्राव, धावपळ. तसं होतंच. पण अमेरिकेत बहुतेक राज्यांतल्या तज्ज्ञांच्या समित्या अशा एकेका मृत्यूची फाईल उघडून बघतात, आणि त्या ४२ दिवसांवर न थांबता पूर्ण वर्षभराचा काळ धरतात. २०१७ ते २०१९ च्या त्यांच्या पाहणीत निम्म्याहून जास्त मृत्यू, ५३ टक्के, बाळंतपण होऊन आठवडा उलटल्यानंतर ते वर्षभरात झालेले होते. बाई घरी असताना, बाळ मांडीवर असताना. आणि यातले ८० टक्क्यांहून जास्त मृत्यू टाळता आले असते असं समित्यांचं मत पडलं.

कारणं बघितली तर मानसिक आजार (आत्महत्या आणि नशेच्या ओव्हरडोसचे मृत्यू यातच येतात), रक्तस्राव, हृदयाचे त्रास, इन्फेक्शन, रक्ताच्या गुठळ्या, बीपी. ब्लॅक बायकांमध्ये हृदय आणि बीपीचा वाटा मोठा आहे.

इथे एकच मेडिकल शब्द समजून घ्यावा लागेल, प्रीएक्लॅम्पसिया. साधारण विसाव्या आठवड्यानंतर बीपी १४०/९० च्या वर जातं, लघवीतून प्रोटीन जायला लागतं, किडनी-लिव्हरवर ताण येतो, आणि हाताबाहेर गेलं तर झटके येतात किंवा मेंदूत रक्तस्राव होतो. हे डिलिव्हरी झाली की संपतं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण ते डिलिव्हरीनंतर सहा आठवड्यांपर्यंत नव्यानेसुद्धा सुरू होऊ शकतं. दुसरा त्रास म्हणजे बाळंतपणाच्या आसपास हृदयाचा स्नायूच कमजोर होणं, हा ब्लॅक बायकांमध्ये जास्त दिसतो. त्याची लक्षणं काय, तर दम लागणं, पाय सुजणं, थकवा, आडवं झालं की श्वास अडकल्यासारखं होणं. ओल्या बाळंतिणीला हे सगळं थोडंफार होतंच असं म्हणून ती स्वतःपण अंगावर काढते आणि दवाखान्यातले पण "होईल ठीक, झोप पूर्ण होत नाहीये तुझी" म्हणून सोडून देतात.

आता अमेरिकेतली रीत अशी की नॉर्मल डिलिव्हरीला दोन दिवसांत घरी पाठवतात, सिझेरियनला तीन-चार दिवसांत, आणि त्यानंतर डॉक्टरांची भेट वर्षानुवर्षं थेट सहा आठवड्यांनी असायची. २०१८ मध्ये तिथल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेनेच सांगितलं की तीन आठवड्यांच्या आत संपर्क झाला पाहिजे आणि बीपीचा त्रास असेल तर त्याहून खूप आधी, पण सगळीकडे ते पोचलेलं नाही. देशपातळीवर पगारी बाळंतपणाची रजाच नाही. १९९३ चा कायदा आहे तो बारा आठवड्यांची बिनपगारी रजा देतो, ती पण ५० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीत वर्षभर काम केलेलं असेल तर. न्यू जर्सी, डॅलस, बे एरियातल्या आपल्या मराठी मुली काय करतात माहितीये ना, आई नाहीतर सासूबाई व्हिजिटर व्हिसावर सहा महिने येतात, डिंकाचे लाडू बॅगेत भरून. म्हणजे तिथली व्यवस्था जे देत नाही ते आपण विमानाने मागवतो. जिची आई स्वतःच दोन नोकऱ्या करते, तिने काय मागवायचं?

शॅलन अर्व्हिंग

डॉ. शॅलन अर्व्हिंग ही अटलांटाला सीडीसीमध्येच, म्हणजे हे आकडे काढणाऱ्या संस्थेतच, साथरोगतज्ज्ञ होती. पीएचडी, अमेरिकेच्या पब्लिक हेल्थ सर्व्हिसमध्ये लेफ्टनंट कमांडर. तिचा अभ्यासाचा विषयच हा होता की विषमता आणि आघात माणसाला आजारी कसे पाडतात. चांगला इन्शुरन्स, जीव लावणाऱ्या मैत्रिणी, आई वांडा मदतीला. ३ जानेवारी २०१७ ला, ३६ व्या वर्षी, सिझेरियनने तिला मुलगी झाली.

त्यानंतरच्या तीन आठवड्यांत ती पुन्हा पुन्हा दाखवायला गेली. टाक्याच्या जागी गाठ आली, बीपी चढायला लागलं, एक पाय सुजला, थोड्या दिवसांत वजन भराभर वाढलं. आपलं काहीतरी बिनसलंय हे ती स्वतः सांगत होती, आणि सांगणारी कोण तर याच विषयातली शास्त्रज्ञ. २४ जानेवारीला पुन्हा गेली तेव्हा तपासण्या झाल्या, बीपीची गोळी लिहून दिली आणि घरी पाठवलं. त्याच रात्री ती घरात कोसळली. २८ जानेवारीला गेली. बाळ तीन आठवड्यांचं होतं.

तिच्या आईने पुढे मुलीच्या नावाने मातांच्या आरोग्यासाठी संस्था काढली. आणि शॅलनची शिकत असतानाची मैत्रीण लॉरेन अंडरवूड, जी मूळची नर्स आहे, ती इलिनॉयमधून अमेरिकन संसदेत निवडून गेली आणि २०१९ मध्ये अॅल्मा अॅडम्स या खासदारबाईंबरोबर तिने संसदेत ब्लॅक मातांच्या आरोग्यासाठी गट सुरू केला. त्यांनी आणलेल्या विधेयकांच्या गठ्ठ्याला मॉम्निबस म्हणतात, त्यातलं माजी सैनिक असलेल्या मातांचं एक तेवढं २०२१ मध्ये कायदा झालं.

"गरिबी असेल, शिक्षण कमी असेल"

हा सगळ्यात पहिला प्रश्न येतो आणि तो विचारणं बरोबरच आहे, कारण गरिबीने आरोग्य बिघडतंच. पण सीडीसीने २००७ ते २०१६ या दहा वर्षांचे मृत्यू तपासले तेव्हा दिसलं की कॉलेजची डिग्री असलेल्या ब्लॅक बाईचा धोका तशाच शिकलेल्या गोऱ्या बाईच्या पाचपट होता. त्याहून सुन्न करणारी गोष्ट म्हणजे, शाळासुद्धा पूर्ण न केलेल्या गोऱ्या बाईपेक्षा डिग्रीवाल्या ब्लॅक बाईचा धोका जास्त निघाला. म्हणजे शिकून, कमावून ही दरी पार होत नाहीये.

तब्येत चांगली नसेल म्हणावं, तर रिओ ऑलिंपिकमध्ये ४ बाय १०० रिलेचं सुवर्णपदक घेणाऱ्या चार अमेरिकन मुली आठवा, चौघी ब्लॅक. त्यातल्या तिघी पुढे आई व्हायला निघाल्या आणि तिघींनाही गंभीर गुंतागुंत झाली. अॅलिसन फेलिक्सला तीव्र प्रीएक्लॅम्पसियामुळे ३२ व्या आठवड्यात सिझेरियन करावं लागलं. टोरी बोवी २०२३ मध्ये, आठ महिन्यांची गरोदर, वय ३२, घरात एकटी मृतावस्थेत सापडली. शवविच्छेदनात एक्लॅम्पसियाची, म्हणजे त्या झटक्यांची, शक्यता नोंदवली गेली.

"मग जीन्समध्येच काहीतरी असेल"

याचं उत्तर शिकागोच्या दोन डॉक्टरांनी १९९७ मध्येच शोधलं होतं. त्यांनी इलिनॉय राज्यातल्या बाळांची वजनं घेतली आणि तीन गट केले, अमेरिकेत जन्मलेल्या गोऱ्या बायका, अमेरिकेत जन्मलेल्या ब्लॅक बायका, आणि आफ्रिकेत जन्मून अमेरिकेत आलेल्या ब्लॅक बायका. जीन्सचा प्रश्न असता तर आफ्रिकेतून आलेल्या बायकांच्या बाळांची वजनं सगळ्यात कमी यायला हवी होती. झालं उलटं, ती गोऱ्या बायकांच्या बाळांच्या जवळ गेली. मग पुढे बघितलं तर याच बायकांच्या मुली, ज्या अमेरिकेत वाढल्या, त्यांच्या बाळांची वजनं घसरलेली होती. एकाच पिढीत. एका पिढीत जीन्स बदलत नाहीत, आजूबाजूचं जगणं बदलतं.

तर मग जगण्याने शरीरात काय होतं

मिशिगन विद्यापीठाच्या आर्लीन जेरोनिमस यांनी १९९२ च्या सुमारास हे मांडलं की सततच्या ताणाने शरीर वयाच्या आधी झिजतं. एकाच वर्षी एकाच कंपनीतून बाहेर पडलेल्या दोन गाड्या घ्या, एक एक्सप्रेसवेवर चाललीय आणि दुसरी आयुष्यभर खंबाटकी घाटात लोड घेऊन पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, दोन्हीचं रनिंग सारखंच दिसेल पण इंजिन उघडलं की कळेल. नोकरीत दुप्पट काम करून दाखवायचं, दुकानात गार्ड मागे फिरतो, भाऊ रात्री उशीर करून आला की पोलिसांची भीती, घर भाड्याने मिळत नाही, हे सगळं रोज. त्याने स्ट्रेसची हार्मोन्स कायम चढलेली, बीपी लवकर सुरू, आणि गरोदरपण म्हणजे तर हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवर आधीच जादा बोजा.

हे झालं शरीराचं. दुसरा भाग दवाखान्यात घडतो, तिथे तिचं ऐकलं जात नाही. २०१६ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात गोरे मेडिकल विद्यार्थी आणि शिकाऊ डॉक्टर यांची पाहणी झाली, तर त्यातल्या निम्म्या जणांना "ब्लॅक माणसाची कातडी जाड असते" अशा प्रकारची किमान एक तरी चुकीची समजूत खरी वाटत होती, आणि ज्यांना अशा समजुती जास्त त्यांनी ब्लॅक पेशंटचं दुखणं कमी धरलं. नुसत्या मनातल्या समजुती असत्या तरी एक वेळ, पण त्या कागदावरही होत्या. आधी सिझेरियन झालेल्या बाईला पुढची डिलिव्हरी नॉर्मल होण्याची शक्यता किती हे सांगणारं एक कॅल्क्युलेटर डॉक्टर वापरायचे, त्यात बाईचा वंश टाकायचा रकाना होता आणि ब्लॅक किंवा लॅटिन असं निवडलं की शक्यता आपोआप कमी दिसायची. तो रकाना २०२१ मध्ये काढला.

सेरेना विल्यम्सचं प्रकरण बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये सिझेरियनच्या दुसऱ्या दिवशी तिला दम लागला. तिला आधी फुप्फुसात गुठळी होऊन गेलेली, त्यामुळे काय होतंय हे तिला बरोबर कळलं. तिने नर्सला सांगितलं, सीटी स्कॅन करा आणि रक्त पातळ करायचं औषध सुरू करा. नर्सला वाटलं पेनकिलरने ही गोंधळलीय. आधी पायांची सोनोग्राफी केली, त्यात काही सापडलं नाही, मग सीटी केला आणि गुठळ्या फुप्फुसातच निघाल्या. जगातली सगळ्यात प्रसिद्ध खेळाडू, स्वतःचा आजार स्वतः ओळखलेली, तिलाही आग्रह धरावा लागला. साध्या दुकानात काम करणारी वीस वर्षांची मुलगी एवढा आग्रह कुठून धरणार, आणि धरलाच तर "आरडाओरडा करणारी ब्लॅक बाई" असा शिक्का बसायची भीती वेगळी.

पूर्वी बाळंतिणीकडे लक्ष द्यायचं काम सुईणी करायच्या

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत ब्लॅक बायकांची बहुतेक बाळंतपणं वस्तीतल्या ब्लॅक सुईणीच करायच्या. गोऱ्यांच्या दवाखान्यात यांना प्रवेशच नव्हता. सुईण बाळंतपण करून निघून जायची नाही, ती घर सांभाळायची, बाईला खाऊ घालायची, आठवडाभर येऊन बघायची. अलाबामातल्या ग्रीन काउंटीतल्या मार्गारेट चार्ल्स स्मिथ यांनी अशी तीन हजारांहून जास्त बाळंतपणं केली. १९२० च्या दशकापासून सरकारने आधी या बायकांना ट्रेनिंग आणि परवान्याच्या चौकटीत आणलं, मग एकेक करून परवाने बंद केले, अलाबामाने १९७६ मध्ये. दवाखाने आले हे चांगलंच झालं, सिझेरियन आणि रक्त हाताशी आलं. पण घरी येऊन बघणारी बाई गेली आणि तिच्या जागी कोणीच आलं नाही.

शिवाय ज्या दवाखान्यात जायचं त्याबद्दल विश्वास तरी कुठून यावा. स्त्रीरोगशास्त्राचा जनक म्हणून ज्याचा पुतळा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कजवळ उभा होता त्या मॅरियन सिम्सने १८४० च्या दशकात अनार्का, लूसी, बेट्सी अशा गुलाम बायकांवर भूल न देता पुन्हा पुन्हा ऑपरेशनं केली होती. पुतळा हलवला २०१८ मध्ये. त्या घराण्यांतल्या आज्यांनी नातींना काय सांगितलं असेल याचा विचार करा.

मग आता कोण येतं?

इथे डूला येते. डूला म्हणजे डॉक्टर नाही, सुईण पण नाही. ट्रेनिंग घेतलेली अशी बाई जी गरोदरपणात, कळांच्या वेळी आणि नंतर घरी आईच्या सोबत राहते. औषध देत नाही, अंतर्गत तपासणी करत नाही.

मग करते काय? घरभेटीत साधारण असं चालतं. किचनच्या टेबलावर बीपीचं मशीन काढते, पट्टा बांधते, पाच मिनिटं बाईला शांत बसवते आणि आकडा वहीत लिहिते. मग विचारते, डोकं दुखतंय का जे गोळीने पण थांबत नाही, डोळ्यापुढे चमकल्यासारखं होतं का, पॅड तासाभरात भिजतो का, एकाच पायाची पोटरी दुखतेय का, रात्री झोपताना उशा वाढवाव्या लागतायत का. हा शेवटचा प्रश्न कोणी विचारला नाही तर बाई स्वतःहून सांगणार नाही, तिला तो आजार वाटतच नाही. बाळाला अंगावर घ्यायला जमतंय का बघते, फ्रीजमध्ये काय आहे बघते, आणि आई रडतेय का, बाळाकडे बघवत नाही असं वाटतंय का हे पण. आकडा १६०/११० दिसला की थांबत नाही, गाडीत बसवून इमर्जन्सीला नेते आणि काउंटरवर पहिलं वाक्य हे बोलते की हिची दहा दिवसांपूर्वी डिलिव्हरी झालीय. हे सांगणं फार महत्त्वाचं, कारण नाहीतर डोकेदुखीची तरुण बाई म्हणून तिला रांगेत बसवतात.

लेबर रूममध्ये तिचं काम म्हणजे आईला प्रश्न विचारायला जागा करून देणं. हे इंजेक्शन कशासाठी, अजून तासभर थांबलं तर चालेल का, हे पेशंटने केलेल्या तक्रारीसकट केसपेपरवर लिहाल का. एवढं विचारणारं माणूस खोलीत असलं की बोलण्याचा सूर बदलतो.

अशी कामं करणाऱ्या संस्था आता बऱ्याच आहेत. वॉशिंग्टन शहरात अॅनाकोस्टिया नदीच्या पलीकडचा भाग मुख्यतः ब्लॅक वस्तीचा, तिथल्या हॉस्पिटलचा बाळंतपणाचा वॉर्ड २०१७ मध्ये बंद पडला, आणि पुढची कित्येक वर्षं कळा सुरू झाल्यावर नदी ओलांडूनच जायला लागायचं. त्या भागात मामाटोटो व्हिलेज नावाची संस्था २०१३ पासून आहे, ती तिथल्याच बायकांना ट्रेनिंग देऊन तिथल्याच घरांत पाठवते, त्यातून त्या बायकांना रोजगार पण मिळतो. कॅलिफोर्नियात १९८८ ला सुरू झालेल्या बर्थिंग प्रोजेक्टमध्ये प्रत्येक गरोदर बाईला एक "सिस्टर फ्रेंड" जोडून देतात, जी बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत साथ सोडत नाही. फ्लोरिडात ऑरलँडोजवळ जेनी जोसेफ या इंग्लंडहून आलेल्या सुईणीचं क्लिनिक आहे, मला वैयक्तिक ते काम सगळ्यात जास्त भावतं. त्यांचा नियम एकच, कोणालाही परत पाठवायचं नाही, पैसे नसले तरी, आठवा महिना लागल्यावर आली तरी. रिसेप्शनवरच्या बाईपासून सगळ्यांना हे शिकवलेलं असतं की आलेली बाई आधीच चार ठिकाणी ओरडा खाऊन आलीय, तिला नीट बसवा. डिलिव्हरी ती कुठल्याही हॉस्पिटलात करू दे.

आणि आर्थ नावाचं एक अॅप आहे, किंबर्ली सील्स अॅलर्स यांनी काढलेलं, ज्यात ब्लॅक आणि इतर रंगाच्या आईबाबांनी हॉस्पिटल आणि डॉक्टरांचे अनुभव लिहायचे. हॉटेलचे रिव्ह्यू वाचून आपण जेवायला जातो, बाळंतपणासाठी अशी माहिती कुठे होती?

"पण याने फरक पडतो याला पुरावा काय?"

पुरावा आहे, आणि त्याची मर्यादा पण सांगायला हवी. जगभरातल्या २६ चाचण्या, पंधरा हजारांहून जास्त बायका, यांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये झाला. कळांच्या काळात सतत सोबत असलेल्या बायकांची सिझेरियन कमी झाली, कळांचा वेळ कमी लागला, आणि बाळंतपणाचा वाईट अनुभव सांगणाऱ्या पण कमी होत्या. मिनेसोटात गरिबांच्या सरकारी विम्यावर असलेल्या बायकांमध्ये डूला मिळालेल्यांचं सिझेरियनचं प्रमाण २२.३ टक्के होतं आणि त्याच विम्यावरच्या देशभरातल्या बायकांचं ३१.५. सिझेरियन कमी म्हणजे पुढच्या खेपेला रक्तस्राव आणि वार चिकटण्याचा धोका कमी, इन्फेक्शन कमी, गुठळ्या कमी. पण डूलामुळे इतके मृत्यू टळले असा थेट आकडा कोणी दाखवत असेल तर विश्वास ठेवू नका, लाखात पन्नास इतकी घटना छोट्या अभ्यासात मोजताच येत नाही.

"डॉक्टर नसलेली बाई करून करून काय करणार" असं म्हणणाऱ्यांना गडचिरोलीची आठवण करून द्यावीशी वाटते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना ट्रेनिंग देऊन घरोघरी बाळ-बाळंतिणीला बघायला पाठवलं आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त खाली आले, हा अभ्यास १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि जगभर त्याचा दाखला दिला जातो. तिथला प्रश्न बाळांचा होता आणि दवाखाना लांब होता, अमेरिकेत दवाखाना बहुधा आहे पण ऐकत नाही. तरी घरी जाऊन वेळेत धोका ओळखणारी ओळखीची बाई, हे दोन्हीकडे सारखंच कामाला येतं.

"ब्लॅक डॉक्टर वाढवले की झालं" असंही म्हणतात. ब्लॅक डॉक्टर असेल तर ब्लॅक नवजात बाळांचं वाचण्याचं प्रमाण वाढतं असा फ्लोरिडाच्या आकड्यांवरचा एक अभ्यास २०२० मध्ये खूप गाजला, पण २०२४ मध्ये दुसऱ्यांनी खूप कमी वजनाच्या बाळांचा हिशोब धरून तेच आकडे मांडले तर तो परिणाम जवळपास उरला नाही. ब्लॅक डॉक्टर आणि सुईणी वाढायलाच हव्यात, त्यांच्यासमोर बाई मोकळेपणी बोलते, पण तेवढ्याने सुटेल असं नाही. फुकट सरकारी दवाखान्यांनी पण आपोआप सुटत नाही, ब्रिटनमध्ये बाळंतपणाचा एक पैसा लागत नाही तरी तिथे ब्लॅक बायकांचा मृत्यूदर काही वर्षांपूर्वी गोऱ्यांच्या पाचपट होता, तो कमी होत २०२१-२३ मध्ये दुपटीच्या थोडा वर आला. तिथे फाइव्ह एक्स मोअर (म्हणजे पाचपट जास्त) नावाची संस्था दोन ब्लॅक मातांनी याच आकड्यावरून २०१९ मध्ये सुरू केली.

"फक्त ब्लॅक बायकांसाठीच का?"

आग जिथे जास्त लागलीय तिथे बंब आधी जातो, एवढंच. आणि यातलं जे सुरू होतं ते सगळ्यांपर्यंत पोचतं. मिशिगनमध्ये फ्लिंट शहर आहे, तेच ते दूषित पाण्यामुळे गाजलेलं, निम्म्याहून जास्त वस्ती ब्लॅक. तिथे २०२४ च्या जानेवारीपासून प्रत्येक गरोदर बाईला १५०० डॉलर एकरकमी आणि बाळ झाल्यावर वर्षभर दर महिन्याला ५०० डॉलर मिळतात, रंग विचारत नाहीत, पगार विचारत नाहीत. घरभाडं थकलेलं असेल तर बीपी नॉर्मल कसं राहणार, इतका साधा विचार त्यामागे आहे. डिलिव्हरीनंतरची भेट सहा आठवड्यांवरून अलीकडे आणायचा फायदा आपल्या मराठी मुलींनापण होतोच की.

पैसे कोण देणार

बहुतेक डूला आजही तुटपुंज्या पैशांत काम करतात, रात्री दोनला फोन आला तरी जातात, स्वतःची पोरं शेजारणीकडे टाकून. यांच्या मायेवर पूर्ण व्यवस्था ढकलून द्यायची आणि हॉस्पिटलांनी स्वतःत काही बदलायचं नाही, हे मला अजिबात पटत नाही. डूलाने कितीही आग्रह धरला तरी सीटी स्कॅनची ऑर्डर डॉक्टरच देणार.

इथे मेडिकेडचा विषय येतो, म्हणजे गरिबांसाठीचा तो सरकारी विमा. अमेरिकेतली दहातली चार बाळंतपणं आणि ब्लॅक बायकांची जवळपास दोन तृतीयांश बाळंतपणं त्याच्यावर होतात. पूर्वी गरोदरपणामुळे मिळालेला हा विमा डिलिव्हरीनंतर ६० दिवसांनी संपायचा. वर आपण बघितलं की निम्म्याहून जास्त मृत्यू आठवड्यानंतर ते वर्षभरात होतात, म्हणजे त्यातला बराचसा काळ विमा नसतानाचा. २०२१ च्या कायद्याने राज्यांना हा काळ बारा महिन्यांपर्यंत वाढवायची मुभा दिली आणि बहुतेक सगळ्या राज्यांनी तो वाढवला, रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट दोन्हीकडच्या. डूलाचे पैसे मेडिकेडमधून द्यायला ऑरेगन आणि मिनेसोटाने सुरुवात केली, कॅलिफोर्नियाने जानेवारी २०२३ पासून, आता अशी राज्यं वीसच्या वर गेलीयत.

पण या दोन्ही गोष्टी राज्यांच्या मर्जीवर आहेत, केंद्राची सक्ती नाही. आणि जुलै २०२५ मध्ये मेडिकेडच्या खर्चाला पुढच्या दहा वर्षांत मोठी कात्री लावणारा कायदा झाला. राज्यांचं बजेट ओढाताणीत आलं की सक्ती नसलेले खर्च आधी कापले जातात. तेव्हा पुढच्या दोन-तीन वर्षांत मृत्यूच्या आकड्यांच्या आधी या दोन गोष्टी बघायच्या, कुठल्या राज्याने बारा महिने राखले आणि कुठल्या राज्याने डूलाचा दर किती ठेवला.